हेडला ऑइल चढत नाही : १०० सीसीच्या आडव्या इंजिनाचा ऑइलचा रस्ता कसा मोकळा करायचा

नवा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा), नवे रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारे हात), नवी टायमिंग चेन टाकून गाडी गॅरेजमधून बाहेर पडते आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा टकटक करत परत येते. टॅपेट कव्हर उघडलं की कॅमचं नाक खाल्लेलं दिसतं, रॉकरचं टोक चरलेलं असतं आणि आतलं सगळं कोरडंठाक. मग कुणीतरी म्हणतं, ‘हेडला ऑइल चढत नाही, भोक मोठं करून घे.’ भोक मोठं केलं जातं. पुढच्या खेपेला कनेक्टिंग रॉड आवाज करायला लागतो.

हा लेख सीडी १००, स्प्लेंडर, पॅशन या जातीच्या ९७.२ सीसीच्या, जवळजवळ आडव्या सिलिंडरच्या इंजिनांबद्दल आहे. ऑइलचा रस्ता पंपापासून वर हेडपर्यंत (सिलिंडरच्या टोकावरच्या, कॅम असलेल्या भागापर्यंत) कसा तपासायचा, कुठे हत्यार लावून सुधारणा करायची आणि कुठे अजिबात हात लावायचा नाही, हे कामाच्या क्रमाने दिलं आहे. क्रम मोडू नका. बहुतेकांचं काम बिघडतं ते हत्यारं नसल्यामुळे नाही, तर वरून खाली काम केल्यामुळे.

आधी रस्ता समजून घ्या

तळाच्या जाळीतून ऑइल पंपाकडे ओढलं जातं. पंपातून निघालेल्या ऑइलला दोन वाटा मिळतात. एक वाट क्लच कव्हरमधून क्रँकच्या टोकाला, तिथून फिरत्या फिल्टरमध्ये आणि पुढे रॉडच्या मोठ्या बेअरिंगला जाते. दुसरी वाट सिलिंडरच्या एका स्टडच्या (हेड आवळून धरणाऱ्या लांब बोल्टच्या) भोवतालच्या फटीतून वर हेडमध्ये कॅमपर्यंत जाते. कॅमवरून उडालेलं ऑइल रॉकरला भिजवतं आणि टायमिंग चेनच्या पोकळीतून परत खाली येतं.

पंप एका फेऱ्यात ठरावीकच ऑइल देतो. ते जिथे अडथळा कमी तिथे जास्त जातं. हेडच्या वाटेवर मुद्दाम बारीक ठेवलेलं छिद्र असेल, तर ते दोन वाटांमधली वाटणी करण्यासाठी असतं. १.२ मि.मी.चं छिद्र १.५ केलं तर फरक डोळ्यांना दिसत नाही, पण क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होतं. ते जादा ऑइल क्रँकच्या वाट्यातून जातं.

म्हणून या कामाचा अर्थ एकच धरा. गळती बंद करायची, अडथळे काढायचे, कडा गोल करायच्या. ड्रिल मशिन या कामात लागत नाही.

टप्पा १ : इंजिन उघडण्याआधी

गाडी सपाट जमिनीवर मधल्या स्टँडवर उभी करा. डिपस्टिक पुसून नुसती भोकात टेकवा, आटे फिरवू नका, आणि मग पातळी वाचा. बरेच जण ती पूर्ण आवळून काढतात. तशी काठी जास्त खोल जाते, ऑइल भरपूर दिसतं आणि प्रत्यक्षात गाडी कमी ऑइलवर चालत असते. जेमतेम लिटरभर ऑइलवर चालणाऱ्या या इंजिनात दोनशे मिलीची तूटही खूप झाली.

पातळी बरोबर असेल तर इंजिन थोडं गरम करून बंद करा, वरची टॅपेटची टोपी काढा, पुन्हा चालू करून आयडलवर आत टॉर्च मारा. रॉकर ओला होऊन चमकायला हवा आणि कॅमवरून बारीक शिंतोडे उडायला हवेत. कारंजं उडणार नाही. ही कमी दाबाची रचना आहे, थोडंच पण सतत येणारं ऑइल तिला पुरतं. टॅपेटचा आवाज म्हणजे ऑइल नाही, असंही समजू नका. क्लिअरन्स (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) जास्त असेल तर हेड ऑइलने न्हालेलं असूनही टकटक येते.

सावधान : मिनिटभर आयडलवर चालूनही आत कोरडं असेल तर इंजिन लगेच बंद करा. ‘जरा रेस देऊन बघू’ हा मोह त्या कॅमचा शेवट करतो.

टप्पा २ : तयारी

सामान आधी गोळा करा : फुल पॅकिंग किट, ओ-रिंग, हेडच्या नटांचे वॉशर, फिलर गेज (फट मोजायच्या पात्या), टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळायचा), पट्टी, जाड काच, १००० नंबरचा वॉटर पेपर, ५० मिलीची सिरिंज, तिच्या तोंडावर बसेल अशी रबराची नळी आणि हाताने फिरवायचं काउंटरसिंक (भोकाची कड उतरती करायचं हत्यार). मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल जवळ ठेवा. टॉर्क, टॅपेट क्लिअरन्स आणि पंपाच्या मर्यादा मॉडेलनुसार बदलतात. शेजारच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका.

उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः हेडच्या चार नटांचा. कुठल्या स्टडवर टोपीचा बंद नट आहे, कुठल्यावर उघडा, कुठे तांब्याचा वॉशर आणि कुठे लोखंडी, हे नीट दिसलं पाहिजे. मात्र आधीच्या मिस्त्रीने वॉशर चुकीचे टाकलेले असू शकतात, म्हणून फोटो मॅन्युअलमधल्या चित्राशी ताडून बघा.

इंजिनाला बाहेरून रॉकेल आणि ब्रशने धुवा, वाळवा, मगच पाना लावा. उसाच्या रानात फिरणाऱ्या गाडीच्या इंजिनाच्या पंखांमध्ये (थंड करणाऱ्या पट्ट्यांमध्ये) माती घट्ट बसलेली असते. हेड उचललं की तीच माती स्टडच्या भोकात पडते.

टप्पा ३ : खालून सुरुवात – जाळी, फिल्टर, पंप

उजवं क्लच कव्हर काढा. तळाच्या खाचेतली जाळी कुठल्या बाजूने बसली आहे ते बघून ओढा. तिच्यात जुन्या पॅकिंगचे तुकडे आणि वाळलेल्या सिलिकॉनच्या शेवया सापडल्या, तर तसंच काहीतरी वरही अडकलं असणार असं धरून चाला. क्रँकच्या टोकावरच्या फिरत्या फिल्टरचं झाकण उघडा. त्यातला गाळ लाकडी पट्टीने खरवडून बाहेर काढा. आतल्या आत रॉकेल ओतलंत तर गाळ क्रँकच्या छिद्रात जाईल. कव्हरमधून क्रँकला ऑइल देणारा स्प्रिंगवरचा तुकडा बोटाने दाबून सोडा. तो अडखळता कामा नये.

आता पंप. दोन रोटरच्या टोकांमधली फट, बाहेरचा रोटर आणि बॉडी यांमधली फट, आणि पट्टी आडवी ठेवून रोटर व बॉडीच्या तोंडामधली फट, अशी तीन मापं फिलर गेजने घ्या. टोकांमधली फट साधारण ०.२० मि.मी.च्या पुढे गेली असेल तर पंप बदला. बाकी दोन मर्यादा मॅन्युअलमधून घ्या.

मापं मर्यादेत आहेत पण झाकणाच्या आतल्या बाजूला रोटरने चर पाडले आहेत, अशा वेळी हाताने सुधारणा करता येते. काचेवर वॉटर पेपर ठेवा, थोडं ऑइल टाका आणि झाकण इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत घासा. चर गेले की थांबा. झाकण घासलं तर फट बदलत नाही, फक्त चरांमधून होणारी गळती थांबते. बॉडीचं तोंड घासलं तर मात्र फट कमी होते. ते काम फार जपून, दर आठ-दहा फेऱ्यांनी माप घेत करायचं. रोटर आवळला गेला तर पंप चालवणारा भाग तुटतो. नवा चांगला पंप मिळत असेल तर बॉडी घासत बसू नका, पंपच बदला.

पंपाच्या मागची ओ-रिंग किंवा पॅकिंग नवीनच टाका. जुनी ओ-रिंग चपटी होऊन कडक झालेली असते, आणि अर्धा दाब तिथेच क्रँककेसमध्ये परत गळतो. हेडला ऑइल न चढण्याचं हे सगळ्यात स्वस्त कारण, आणि सगळ्यात शेवटी तपासलं जाणारं. पंप आत्ताच बसवू नका, फक्त तयार ठेवा.

तपासणी : पंप ऑइलने भरा, बाहेर पडायच्या भोकावर बोट दाबा आणि हाताने फिरवा. बोटाखाली ऑइलचा जोर लागला पाहिजे.

टप्पा ४ : सिलिंडर – इथे घाई करू नका

या कामात मी सगळ्यात जास्त वेळ इथे देतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

रीबोअर करून (आतलं भोक मोठं करून) लेथवरून आलेला सिलिंडर दिसायला स्वच्छ असतो. पण होनिंगचा (आतून दगडाने घासण्याचा) दगडी कण आणि लोखंडाचा कीस स्टडच्या भोकांत चिकटून राहतो. तो ऑइलबरोबर सरळ कॅमवर जातो. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि बाटली धुण्याचा लांब ब्रश घेऊन चारही भोकं घासा, स्वच्छ पाण्याने धुवा, हवा मारा आणि लगेच ऑइलचा हात फिरवा. नुसत्या रॉकेलने हा कण निघत नाही. पांढऱ्या कापडाची वात भोकातून ओढा. कापड राखाडी झालं तर पुन्हा धुवा.

हेड किंवा सिलिंडर काचेच्या मण्यांनी ब्लास्टिंग करून चकचकीत केला असेल, तर आणखी दोनदा धुवा. एक मणी राहिला तरी तो कॅमवर चरा पाडतो.

आता कडा. ऑइलच्या भोकाचं तोंड सिलिंडरच्या खाली आणि वर, दोन्हीकडे बघा. ओतकामाची किंवा लेथची धारदार बर (धातूची उरलेली टोकदार कड) असेल तर काउंटरसिंक हाताने दोन-तीन वेळा फिरवून अर्ध्या मि.मी.ची उतरती कड काढा. तेवढी पुरे. मात्र डॉवेल (दोन भाग जुळवून धरणारी छोटी पोकळ नळी) किंवा ओ-रिंग बसते त्या खाचेला हत्यार लावू नका. ती कड मोडली की ओ-रिंगची पकड गेली.

स्टडही तपासा. ऑइल स्टडच्या भोवतालच्या फटीतून जातं हे आधी सांगितलंच आहे. गंजून फुगलेला किंवा मापापेक्षा जाड बदली स्टड असेल तर ती फटच बुजते. गंज ब्रशने काढा किंवा स्टड योग्य मापाचा टाका. कातून बारीक करू नका, तो हेडचा सगळा ताण धरतो.

तपासणी : पॅकिंग सिलिंडरच्या तोंडावर डॉवेलमध्ये बसवून उजेडात धरा. ऑइलचं भोक पूर्ण मोकळं दिसलं पाहिजे. स्वस्त पॅकिंगमध्ये भोक लहान किंवा सरकलेलं असतं. कागदी पॅकिंगचं भोक धारदार पोकळ पंचने नीट करता येतं. धातूची कड असलेलं हेड पॅकिंग मात्र कापू नका, दुसरं आणा.

सावधान : कॉम्प्रेशन कमी करायला किंवा गळती थांबवायला सिलिंडरखाली दोन-दोन पॅकिंग घालू नका. उंची वाढली की ओ-रिंग दाबली जात नाही आणि ऑइल तिथूनच परत खाली जातं.

टप्पा ५ : हेड, कॅम, रॉकर

हेडमधला ऑइलचा मार्ग उलट दिशेने हवा मारून साफ करा, म्हणजे कॅमच्या बाजूने पॅकिंगच्या तोंडाकडे. सरळ दिशेने मारलीत तर गाळ कॅमच्या बोअरमध्ये जाऊन बसेल. डोळ्यांवर चष्मा लावा. बारीक छिद्र असेल तर मऊ तांब्याची तार घाला, पोलादी सुई नको.

हेडचं तोंड वाकडं म्हणून घासून आणलं असेल, तर डॉवेलच्या खाचेची खोली मोजा. तोंड जेवढं घासलं तेवढी खाच उथळ होते. मग डॉवेल तळाला टेकतो, हेड अधांतरी राहतं आणि नट आवळूनही ऑइल झिरपतं. डॉवेल दोन्ही खाचांत घालून बघा. पॅकिंग धरून त्याला थोडी मोकळीक उरली पाहिजे.

कॅम काही इंजिनांत थेट ॲल्युमिनियमच्या बोअरमध्ये फिरतो, काहींत बॉल बेअरिंगवर. थेट फिरत असेल आणि बोअर झिजून कॅम हाताने वर-खाली हलत असेल, तर ऑइल कितीही चढवा, ते त्या फटीतून वाहून जाणार. तिथे हेड बदलणं किंवा चांगल्या लेथवर बुश टाकून घेणं, एवढाच मार्ग. बुश टाकलात तर त्याचं भोक हेडच्या भोकाशी जुळलंय का, ते स्वतः तार घालून बघा. कॅम पोकळ असून त्याला बारीक छिद्रं असतील तर प्रत्येक छिद्रातून तार जाऊन ती दुसरीकडे दिसली पाहिजे.

रॉकरच्या पाठीवर शाफ्टकडे जाणारं छिद्र असेल तर त्याचं वरचं तोंड काउंटरसिंकने नरसाळ्यासारखं थोडं पसरट करा. उडालेलं ऑइल त्यात थांबतं आणि शाफ्टवर उतरतं. लहानसं काम आहे, पण मला याचा खरोखर फायदा दिसला आहे. रॉकरचं कॅमवर घासणारं टोक मात्र घासू नका, पॉलिशही करू नका. त्याचा कडकपणा वरच्या पातळ थरातच असतो. खाल्लेल्या कॅमवर नवा रॉकर किंवा खाल्लेल्या रॉकरखाली नवा कॅम कधीच नको.

तपासणी : हेड गाडीवर बसतं तसं धरून चेनच्या पोकळीकडे थोडं ऑइल ओता. ते न साचता वाहून गेलं पाहिजे. परतीचा रस्ता अडला तर ऑइल वर साचतं, व्हॉल्व्ह गाइडच्या सीलमधून ऑइल आत जाऊन धूर होतो आणि तळाशी पंपाला ऑइल कमी पडतं.

टप्पा ६ : जोडणी

पॅकिंगच्या तोंडांवर सिलिकॉन किंवा पेस्ट लावायची नाही. तोंडं सपाट आणि स्वच्छ असतील तर पॅकिंग कोरडं धरतं. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. मामांच्या स्प्लेंडरचं हेड मी पहिल्यांदा बांधलं तेव्हा गळू नये म्हणून सगळीकडे बोटभर पेस्ट लावली. बाहेरून एक थेंब गळला नाही. आवळताना दाबली गेलेली पेस्ट आत ऑइलच्या भोकात घुसली आणि महिनाभरात नवा कॅम गेला. मामा काही बोलले नाहीत, पण त्यांची शेतावर जायची गाडी माझ्यामुळे आठवडाभर बंद होती, ते मी विसरलेलो नाही.

ऑइलच्या डॉवेलवर नवी ओ-रिंग ऑइल लावून बसवा. हेड हळू खाली बसवा. ते वाकडं सरकलं तर ओ-रिंग चिमटली जाते आणि वरून ते कळत नाही. तांब्याचा वॉशर ऑइलच्या स्टडवरच गेला पाहिजे, नाहीतर आट्यांमधून ऑइल वर झिरपेल. टोपीचे नट बदली असतील तर त्यांची खोली मोजा. उथळ नट स्टडच्या टोकाला टेकून आवळल्यासारखा वाटतो आणि हेड मात्र सैलच राहतं. नट तिरप्या जोड्यांनी, दोन-तीन हप्त्यांत, टॉर्क पान्याने आवळा.

आता आधीच्या सगळ्या कामाची परीक्षा. पंप अजून बसवलेला नाही. सिरिंजमध्ये ऑइल भरून नळी पंपाच्या जागेवरच्या बाहेर जाणाऱ्या भोकावर दाबून धरा. क्लच कव्हरकडे जाणारं भोक रबराच्या तुकड्याने बंद करा आणि सिरिंज दाबा. हेडमध्ये कॅमपाशी ऑइल आलं पाहिजे. आलं तर रस्ता मोकळा. दट्ट्या अडला तर कुठेतरी बुजलंय. दट्ट्या सहज गेला पण वर काही आलं नाही, तर ओ-रिंगपाशी गळतंय. दोन्ही वेळा हेड पुन्हा उतरवा. आत्ता उतरवलंत तर एक पॅकिंग जाईल, नंतर उतरवलंत तर कॅम जाईल.

परीक्षा पार पडली की पंप ऑइलने भरून बसवा आणि जाळी, फिल्टर, कव्हर क्रमाने लावा. टायमिंगसाठी मॅग्नेटवरची ‘टी’ खूण आणि कॅम स्प्रॉकेटची खूण मॅन्युअलप्रमाणे जुळवा. कॅम, रॉकर, शाफ्ट यांना हाताने ऑइल लावा आणि बंद करण्याआधी कॅमच्या खळग्यात दोन-तीन चमचे ओता. पहिल्या काही सेकंदांत कॅमला हेच ऑइल मिळणार आहे.

टप्पा ७ : पहिल्यांदा चालू करताना

ऑइल कंपनीने सांगितलेलंच भरा. या गाड्यांना १०डब्ल्यू३० चालतं, आणि क्लच ऑइलमध्येच बुडालेला असल्यामुळे डब्यावर ‘जासो एमए’ (ऑइलमधल्या क्लचसाठीचं मानक) असायला हवं. झिजलेल्या इंजिनाला जाड ऑइल बरं, या समजुतीने २०डब्ल्यू५० टाकणारे खूप आहेत. थंड सकाळी ते जाड ऑइल बारीक फटीतून वर यायला वेळ घेतं, आणि कॅम सगळ्यात जास्त तेव्हाच झिजतो.

प्लग काढून तो त्याच्या टोपीतच ठेवा आणि त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या पंखाला टेकवा, म्हणजे सीडीआयला (ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीला) धक्का बसणार नाही. पेट्रोलची वाफ लांब राहील असा तो प्लगच्या भोकापासून दूर असू द्या. तीस-चाळीस किक मारा. मग प्लग लावून गाडी आयडलवर चालू करा आणि टॅपेटच्या भोकातून बघा. पंधरा-वीस सेकंदांत ताजं ऑइल दिसू लागतं. गाडी पाच मिनिटं चालवून बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि पातळी पुन्हा बघा. रिकामे रस्ते भरल्यामुळे ती खाली गेलेली असेल, तेवढं ऑइल टाका.

टॅपेट क्लिअरन्स इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी सकाळी लावा.

टप्पा ८ : तीनशे किलोमीटरनंतर

पहिलं ऑइल ३०० कि.मी.च्या आसपास काढा. ते पांढऱ्या थाळीत ओतून उन्हात तिरकं धरा. पिस्टन-रिंग नवीन असतील तर थोडी बारीक चमक येतेच. बोटांना टोचणारा कीस किंवा ॲल्युमिनियमचे पापुद्रे दिसले तर क्लच कव्हर उघडून फिरता फिल्टर आणि जाळी बघा. फिल्टरमध्ये नुसता काळा मऊ गाळ असेल तर साफ करून बंद करा. जाळीत पॅकिंगचा किंवा ओ-रिंगचा तुकडा सापडला तर गाडी तशीच देऊ नका. तो कुठल्या सांध्यातून आला ते शोधा, तो सांधा पुन्हा बांधा, आणि सिरिंजची परीक्षा पुन्हा घ्या.